लात्व्हियात बर्फ, रत्नागिरीत पाऊस आणि आपल्या मुलींचं टेनिस

(पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.)

रत्नागिरीत टेनिस बॉलला गिऱ्हाईक नाही असं कोणी म्हणू नये. दिवाळीपासून मे अखेरपर्यंत वाडीवाडीत, माळावर, कापणी झालेल्या शेतात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा चालू असतात. अमुक चषक, तमुक चषक, फ्लडलाइट, यूट्यूबवर लाइव्ह, मालिकावीराला मोटारसायकल. बॉल शेकड्यांनी फुटतात. फक्त तो बॉल बॅटनं मारला जातो आणि मारणारे सगळे मुलगे असतात. त्याच बॉलनं टेनिस खेळणाऱ्या मुली आपल्या जिल्ह्यात मोजायला बसलात तर फार वेळ लागणार नाही.

आज हे लिहायला कारण घडलं. जुलै २०२५ मध्ये जर्मनीत झालेल्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत पुण्याच्या वैष्णवी आडकरनं महिला एकेरीत कांस्यपदक मिळवलं. या स्पर्धेत टेनिसचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याआधीचं भारताचं टेनिस पदक १९७९ सालचं, तेही पुण्याच्याच नंदन बाळ यांचं. म्हणजे मधे ४६ वर्षं गेली. मुलीचं कौतुक करावं तेवढं थोडं.

पण कौतुकाच्या मेसेजांबरोबर नेहमीचं पुराणही सुरू झालं. महाराष्ट्र म्हणे महिला टेनिसचं माहेरघर. मुंबईत आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते, पुण्यात होते, आता आणखी काय पाहिजे?

काय पाहिजे ते सांगतो. आधी या माहेरघरात कोणाचं माहेरपण झालं ते बघू.

२०१२ साली डब्ल्यूटीएनं '१२५' दर्जाच्या स्पर्धा नव्यानं सुरू केल्या. मोठ्या स्पर्धांच्या खालची आणि छोट्या आयटीएफ स्पर्धांच्या वरची ही पायरी. त्या पहिल्याच वर्षी यातली एक स्पर्धा पुण्यात बालेवाडीला झाली. जिंकली कोण? युक्रेनची एलिना स्वितोलिना. वय १८. अंतिम सामन्यात तिनं जपानच्या किमिको दातेला हरवलं. पुढे स्वितोलिना जगात तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली.

नोव्हेंबर २०१७, मुंबई, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची कोर्ट. मुंबई ओपन जिंकली बेलारूसच्या १९ वर्षांच्या अरिना सबालेंकानं. तेव्हा तिचं नाव इथं फारसं कोणाला माहीत नव्हतं. पुढे ती जगात पहिल्या क्रमांकावर गेली आणि तिनं ग्रँड स्लॅम एकेरीची विजेतेपदंही मिळवली. २०१८ ला मुंबईत थायलंडची लुक्सिका कुमखुम जिंकली. मग खंड पडला. २०२४ ला स्पर्धा परत सुरू झाली तेव्हा जिंकली लात्व्हियाची दार्या सेमेनिस्ताया, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत स्वित्झर्लंडची जिल टाइखमन.

युक्रेन, बेलारूस, थायलंड, लात्व्हिया, स्वित्झर्लंड. जगभरच्या लेकी आपल्याकडे आल्या, गुण घेऊन गेल्या, मोठ्या झाल्या. आनंद आहे. पाहुणीचं ताट आपण नीट वाढलं. घरची लेक मात्र अजून ओट्यावर उभी आहे.

इथं काही जण लगेच म्हणतील की मग ही स्पर्धा बंद करा, पैसे वाया जातात. मी तसं मुळीच म्हणत नाहीये. उलट घरच्या स्पर्धेचा उपयोग किती होतो याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच देशात आहे. १२ फेब्रुवारी २००५ ला सानिया मिर्झानं हैदराबाद ओपन जिंकली. डब्ल्यूटीएचं एकेरीचं विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय महिला, वय १८, आणि तेही आपल्याच गावात, आपल्याच लोकांसमोर. अडीच वर्षांत ती जगात २७ व्या क्रमांकावर गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईतही असंच काहीसं घडलं. कोइमतूरची माया राजेश्वरन, वय फक्त १५, पात्रता फेरीतून खेळत खेळत उपांत्य फेरीपर्यंत पोचली. स्पर्धा इथं नसती तर या मुलीला ती संधी मिळालीच नसती.

पण नीट बघा. सानिया हैदराबादेत लहानपणापासून कोर्टावर होती. माया कोइमतूरमध्ये वाढली, तिथंच शिकली. घरची स्पर्धा त्यांना मिळाली ती वरच्या पायरीला. खालच्या पायऱ्या त्या आधीच चढून आल्या होत्या. आपण वरची पायरी संगमरवरी केली आहे आणि खालच्या बांधायचं विसरलोय. मग चढणार कोण? ज्यांच्या देशात खालच्या पायऱ्या आहेत ते.

पायऱ्या म्हणजे काय तेही सांगतो, कारण टीव्हीवर फक्त विम्बल्डन दिसतं. महिलांच्या व्यावसायिक टेनिसची शिडी अगदी सोपी आहे. सगळ्यात खाली आयटीएफची डब्ल्यू १५ स्पर्धा. जिंकलात तर १५ गुण. मग ३५, ५०, ७५, १००. त्याच्या वर मुंबई ओपनसारखी १२५. मग २५०, ५००, १०००, आणि सगळ्यात वर ग्रँड स्लॅम, २००० गुण. वर्षभरातल्या चांगल्यात चांगल्या १८ स्पर्धांचे गुण धरतात. पहिल्या शंभरात यायला सातशेच्या वर गुण लागतात. एखाद्या मुलीनं डब्ल्यू १५ च्या अठराच्या अठरा स्पर्धा जिंकल्या तरी होतात २७०. म्हणजे खालच्या पायरीवर नुसतं उभं राहून चालत नाही, आणि ती चढल्याशिवाय वरही जाता येत नाही.

आता पैसे. डब्ल्यू १५ मध्ये एकेरी जिंकणाऱ्या मुलीला दोन हजार डॉलरच्या आसपास मिळतात, पावणेदोन लाख रुपये धरा. त्यातून कर, प्रवास, राहणं, जेवण, प्रशिक्षक, रॅकेटच्या तारा. आणि हे जिंकणारीचं झालं. पहिल्या फेरीत हरणारीला लॉजचं भाडंही सुटत नाही. उलट २०२५ साली विम्बल्डनमध्ये एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्या खेळाडूला ६६ हजार पौंड मिळाले. पाऊण कोटी रुपये. बाईला आणि पुरुषाला सारखेच. म्हणजे या खेळात वर पैसा आहे, खाली नुसता खर्च आहे. मधली पाच-सात वर्षं कोण सांभाळणार, एवढाच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचं उत्तर आपण दिलं नाही म्हणून आपल्या मुलींनी आपापल्या परीनं दिलं. बार्शीची प्रार्थना ठोंबरे. २०१४ ला इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर महिला दुहेरीत कांस्य, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये दुहेरीत. नगर जिल्ह्यातली ऋतुजा भोसले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीत सुवर्ण. दोघी पुण्या-मुंबईच्या नव्हेत, जिल्ह्याच्या मुली. दोघींनी महाराष्ट्राचं नाव केलं. आणि दोघींची मोठी पदकं दुहेरीतली.

दुहेरी कमी प्रतीची असं म्हणायचा माझा हेतू नाही. तसं म्हणणारा मूर्खच. पण एकेरीत मुलगी एकटी असते. खर्चही एकटीचा. अनुभवी, वरच्या क्रमांकाच्या जोडीदाराबरोबर उतरायची सोय नाही. सानिया २०१३ साली पूर्णपणे दुहेरीकडे वळली. तेव्हापासून आजपर्यंत ग्रँड स्लॅमच्या महिला एकेरीत, मुख्य फेरीत, एकही भारतीय मुलगी खेळलेली नाही. बारा वर्षांहून अधिक काळ. डब्ल्यूटीएच्या एकेरीच्या क्रमवारीत पहिल्या शंभरात आजवर सानिया सोडून एकही भारतीय बाई आलेली नाही. एकशे चाळीस कोटींचा देश!

आणि आपली परंपरा कालपरवाची आहे का? १९३४ साली मुंबईच्या लीला राव विम्बल्डनला एकेरीचा सामना जिंकल्या. तिथं सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांच्या आई पंडिता क्षमा राव संस्कृतमधल्या नामवंत लेखिका, आणि त्या स्वतःही टेनिस खेळायच्या. नव्वद वर्षांपूर्वी मायलेकी कोर्टावर होत्या. आज आपण 'मुलींनी टेनिस खेळावं का' यावर चर्चा करतो.

सरकारनं टेनिससाठी काहीच केलं नाही, असंही नाही. केलं. कोणासाठी केलं ते बघा. चेन्नईची पुरुषांची एटीपी स्पर्धा २०१८ पासून राज्य सरकारच्या पाठिंब्यानं पुण्यात आली. महाराष्ट्र ओपन. बक्षिसाची रक्कम पाच लाख डॉलरच्या वर. २०१८, २०१९, २०२०, कोरोनामुळे २०२१ गेलं, परत २०२२, २०२३. पाच वेळा झाली. आणि बायकांची मुंबई ओपन? बक्षीस सव्वा लाख डॉलरच्या घरात. २०१७, २०१८ अशी दोनदा झाली, आणि मग पाच वर्षं गायब. कोरोना दोघांनाही होता. पुरुषांची स्पर्धा कोरोनातून उठून उभी राहिली, बायकांचीला २०२४ उजाडावं लागलं.

याला कट वगैरे म्हणण्याची गरज नाही. हे आपल्या घरात चालतं तसंच आहे. आधी त्याचं ताट, मग उरलं तर तिचं.

बायकांचं व्यावसायिक टेनिस मुळात या उरलंसुरलं खाण्याला नकार देऊनच उभं राहिलं. १९७० साली अमेरिकेत एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला साडेबारा हजार डॉलर आणि महिला विजेतीला दीड हजार ठेवले होते. बिली जीन किंगसह नऊ जणींनी सांगितलं, तुमची स्पर्धा तुम्हाला लखलाभ. एकेका डॉलरच्या करारावर सह्या करून त्यांनी ह्यूस्टनमध्ये आपली वेगळी स्पर्धा खेळली. १९७३ ला डब्ल्यूटीए स्थापन झाली. त्याच वर्षी यूएस ओपननं बक्षीस सारखं केलं. विम्बल्डनला ते करायला २००७ उजाडलं. यातलं काहीही कोणी आपणहून दिलेलं नाही. मागावं लागलं, भांडावं लागलं.

तर आता आपल्या रत्नागिरीकडे येतो.

मी टेनिसचा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "अरे, आपल्याकडे पाऊस बघ किती!" बरोबर आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्या कोर्टावर शेवाळ धरतं, मातीचं कोर्ट असेल तर वाहून जातं. चार महिने मुलगी घरी. वर्षातले चार महिने रॅकेट हातात नसेल तर खेळाडू होत नाही, हे कोणीही सांगेल.

आता लात्व्हियाकडे बघा. २०२४ ला मुंबई जिंकली ती सेमेनिस्ताया तिथली. २०१७ ला वयाच्या विसाव्या वर्षी फ्रेंच ओपन जिंकणारी येलेना ओस्टापेन्को तिथली. २०१८ ला यूएस ओपनच्या उपांत्य फेरीत गेलेली अनास्तासिया सेवास्तोवाही तिथलीच. या देशाची लोकसंख्या किती असेल? एकोणीस लाखांच्या आत. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत १६ लाख १५ हजार होती. म्हणजे आपल्या जिल्ह्यापेक्षा थोडासाच मोठा देश, आणि ग्रँड स्लॅम विजेती तयार करतो!

तिथं हवा फार छान असते म्हणून? तिथं हिवाळ्यात महिनोन् महिने बर्फ असतं. उघड्यावर उभं राहिलात तर बोटं गारठतील. मग त्यांनी काय केलं? "अरे, आपल्याकडे बर्फ बघ किती" म्हणून रॅकेट माळ्यावर टाकलं नाही. कोर्टावर छप्पर घातलं. बस्स. त्यांचा बर्फ म्हणजे आपला पाऊस. फरक फक्त छपराचा आहे.

आणि छपराखाली आपण काय करू शकतो हे आपण दाखवलेलं आहे. रत्नागिरीच्या मुली कॅरममध्ये राष्ट्रीय पातळीवर चमकतात ना? का? माझं मत असं की कॅरमला पावसाचा अडसर नाही. चार भिंती, एक बोर्ड, वरून दिवा, की बाराही महिने सराव. खो-खोच्या मैदानावर आपल्या मुली महाराष्ट्राच्या संघात जाऊन राष्ट्रीय स्पर्धा गाजवून आल्या. खो-खो खेळणाऱ्या मुलीची चपळाई बघा. बसलेली मुलगी खो मिळताच कशी उसळते, खांबाला कशी वळसा घालते, धावता धावता दिशा कशी बदलते. बेसलाइनवर दुसरं काय लागतं? शरीर आहे, वेग आहे, जिद्द आहे. नाही ते फक्त कोर्ट.

आणखी एक आकडा. याच जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या. पुरुष चाकरमानी होऊन मुंबईला गेले, घर, शेत, बाग सांभाळत बाया इथं राहिल्या. हा बायकांचा जिल्हा आहे. बायकांच्या जिल्ह्यात संध्याकाळी सहा वाजता कुठल्याही मैदानावर जाऊन बघा, कोण दिसतं? मुलगे. मुली कडेनं चालत क्लासला जाताना दिसतात.

आमच्या शेजारी एक मुलगी आहे, अकरा वर्षांची. जांभ्याच्या गडग्यावर बॉल मारत बसते. जांभा खडबडीत, बॉल कुठेही उडतो. तिला वाटतं ती चुकतेय. तिच्या वडिलांनी गावातल्या एका क्लबात विचारलं. कोर्ट सभासदांसाठी आहे म्हणाले, आणि सभासदत्वाचा आकडा ऐकून ते घरी आले. दुसरीकडे विचारलं तर तिथल्या कोर्टावर कुठल्याशा कार्यक्रमाच्या खुर्च्या लावलेल्या होत्या. कोल्हापूरला न्यावं तर आंबा घाटातून जवळजवळ १३० किलोमीटर. पुण्याला न्यावं तर रात्रभराची गाडी. मुंबईच्या रस्त्याबद्दल तर बोलूच नका, त्या महामार्गाचं काम सुरू झालं तेव्हा ही पोरगी जन्मलीही नव्हती. मग ती गडग्यावरच मारते. आणखी दोन वर्षांनी तेही बंद होईल आणि आपण म्हणू, मुलींना आवडच नसते.

आता नेहमीचे तीन आक्षेप घेतो.

पहिला: टेनिस श्रीमंतांचा खेळ. होय, आहे. कारण कोर्ट श्रीमंतांच्या ताब्यात आहेत. क्रिकेटसुद्धा जिमखान्यांचंच होतं. ते माळावर आलं तेव्हा सगळ्यांचं झालं. सार्वजनिक कोर्ट नसेल तर खेळ श्रीमंतांचाच राहणार. हा आक्षेप मला सार्वजनिक कोर्ट बांधण्याच्या विरोधात वाटतच नाही, बाजूनंच वाटतो.

दुसरा: आधी रस्ते, आधी दवाखाने. शंभर टक्के मान्य. पण मग चषकांच्या वेळी हा प्रश्न का नाही आठवत? फ्लडलाइट, मंडप, मोटारसायकल, डीजे, चार दिवसांच्या स्पर्धेला किती जातात याचा हिशोब कोणी मागितलाय? तिथं पुढारी आनंदानं नारळ फोडतात आणि आपण टाळ्या वाजवतो. रस्त्याचे खड्डे फक्त मुलींच्या कोर्टाचा विषय निघाला की दिसतात.

तिसरा: एवढं करून एखादीच पुढे जाईल, मग फायदा काय? एखादीसुद्धा जाणार नाही, असंही होईल. पण दोनशे मुली रोज संध्याकाळी दीड तास पळतील, घाम गाळतील, हरायला शिकतील, एकट्यानं प्रवास करतील, पंचाशी वाद घालतील. हा फायदा नव्हे? मुलग्यांच्या क्रिकेटमधून किती रणजीपटू निघाले, असं विचारून आपण कधी एखादा चषक बंद केलाय का?

खर्चाचाही फार बाऊ करू नका. टेनिसचं कोर्ट, भोवतीची मोकळी जागा धरून, साधारण साडेछत्तीस मीटर लांब आणि सव्वाअठरा मीटर रुंद लागतं. म्हणजे साडेसहा-सात गुंठे. हापूसची सहा-सात कलमं लागतील एवढी जागा. त्यावर लोखंडी कैच्या आणि पत्रे. लग्नाचे हॉल, गोदामं, मासळीच्या शेड आपण याहून मोठ्या बांधतो. ज्यांना नारळाच्या करवंटीएवढ्या जागेत तीन मजली इमारत उठवता येते, त्यांना हे जमणार नाही?

म्हणून मागण्या सरळ लिहितो:

१. जिल्हा क्रीडा संकुलात किंवा नगरपरिषदेच्या जागेवर सुरुवातीला दोन हार्ड कोर्ट, पैकी निदान एकावर छप्पर. नाममात्र शुल्क. संध्याकाळची ठरावीक वेळ फक्त मुलींसाठी, आणि ती वेळ कुठल्याही कार्यक्रमाला, प्रदर्शनाला, सत्काराला द्यायची नाही.

२. एक पगारी प्रशिक्षक, शक्यतो महिला. कोर्ट बांधून कुलूप लावायची आपली सवय मोडायची तर माणूस नेमावा लागतो. उद्घाटनाच्या कोनशिलेनं कोणी फोरहँड शिकत नाही.

३. राज्य सरकारनं आणि राज्य संघटनेनं मिळून मुंबई ओपनच्या खालची साखळी बांधावी. पुण्यात डेक्कन जिमखान्यावर मुलींच्या आयटीएफ स्पर्धा वर्षानुवर्षं होतात, सोलापुरातही झाल्या. हे चांगलं काम आहे, ते पसरवा. हिवाळ्यात कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी असे लागोपाठचे आठवडे ठेवा, म्हणजे मुलीला एकाच प्रवासात तीन स्पर्धा मिळतील. रत्नागिरीत लगेच आंतरराष्ट्रीय जमणार नाही, मला कळतं. राष्ट्रीय संघटनेच्या बारा आणि चौदा वर्षांखालच्या मुलींच्या स्पर्धेपासून सुरू करा.

४. मुंबई ओपनच्या पात्रता फेरीतल्या वाइल्ड कार्डपैकी एक राज्यातल्या जिल्ह्यांच्या मुलींसाठी ठेवा, आणि ते खेळून जिंकलेलं असू द्या. कोणाच्या चिठ्ठीनं नको.

५. पदक मिळाल्यावर सत्कार, रोख बक्षीस, नोकरी हे सगळं द्याच. पण थोडे पैसे पदकाच्या आधी द्या. चौदा ते एकोणीस या वयातल्या निवडक मुलींना प्रवासाचा आणि प्रशिक्षणाचा खर्च, हिशोब घेऊन, दर वर्षी कामगिरी बघून. झाडाला आंबे लागल्यावर पाणी घालणारा बागायतदार कोकणात एकही सापडणार नाही. खेळाच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

यातली एकही मागणी आकाशातला चंद्र मागणारी नाही. पहिल्या दोन तर जिल्हा नियोजन समितीच्या एका बैठकीत सुटतील.

नगरपरिषदेच्या, जिल्हा परिषदेच्या निवडणुका परत येतील. सगळे दारात येणार आहेत. हात जोडणार, वाकून नमस्कार करणार, 'ताई, लक्ष असू द्या' म्हणणार. या वेळी ताईंनीच विचारावं. क्रिकेटच्या चषकाला तुम्ही किती दिलेत? आता मुलींच्या कोर्टाला किती देणार? जागा कुठली? छप्पर कधी? प्रशिक्षक कोण? गोलमोल उत्तर आलं तर तसंच लिहून ठेवा, आणि निवडून आल्यावर त्यांच्याच सत्कारात उभं राहून वाचून दाखवा. बायकांचा आकडा मतदार यादीतही मोठा दिसतो, आणि पुढाऱ्यांना तो आपल्यापेक्षा चांगला पाठ असतो.

मुंबईत परत स्पर्धा भरेल आणि कुठल्यातरी लहानशा देशाची मुलगी करंडक उचलेल. आपण फोटो शेअर करू. करायलाच हवा, तिनं कष्ट केलेत. पण फोटो शेअर करताना एवढं आठवा की तिच्या गावातही हवामान वाईटच होतं.

पटलं तर पुढे पाठवा. आणि घरात आठ-दहा वर्षांची मुलगी असेल तर वॉर्डातल्या उमेदवाराचा नंबर आजच काढून ठेवा.

#मुलींनाकोर्टहवं #रत्नागिरी